ट्रेनिंग झालं, फोटो पडले, वर्गात काय?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की शिक्षक सगळ्यात जास्त शिकतो ते स्टाफरूममधल्या चहावर, तर त्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. मी ११ वर्षं केंद्रप्रमुख होतो, म्हणजे आसपासच्या शाळांचा एक गट बघणारा, त्याच्या आधी वर्गात. खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं आधी चुकीचं करून बघितलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : सर नमस्कार. जूनपासून मी जि.प. च्या पहिली ते सातवी शाळेची मुख्याध्यापिका झालेय, आम्ही ७ जण आहोत. ट्रेनिंगला तोटा नाही, तालुक्याला होतं, केंद्रात सगळ्या शिक्षकांची मिळून शिक्षण परिषद होते, मोबाईलवर कोर्स येतात, सर्टिफिकेटं निघतात. वर्गात गेलं की सगळं पहिल्यासारखंच. म्हणून मी शाळेतच दर महिन्याला एक बैठक सुरू केली, तर दोन महिन्यांत ती पोषण आहार आणि आधार अपडेटची बैठक होऊन बसली. एक सिनियर गुरुजी आहेत, ते म्हणतात, मॅडम माझी तीन वर्षं राहिलीत, आता मला काय शिकवता. कुठून सुरुवात करू?
— मुख्याध्यापिका, बीड जिल्हा

उत्तर : मॅडम, तुमची बैठक पोषण आहारानं खाल्ली यात तुमचा दोष नाही, माझी शिक्षण परिषद तर आधार, यू-डायस (शाळेची सरकारी माहिती) आणि बीएलओच्या (मतदार नोंदणीच्या) यादीनं मिळून खाल्ली होती. माहितीला वरून मुदत असते, 'आज पाच वाजेपर्यंत', आणि शिकण्याला कुणीच मुदत देत नाही, त्यामुळं दोन्ही एकाच टेबलावर आणली की माहितीच जिंकणार. म्हणून पहिली गोष्ट, माहितीचं सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका नाहीतर वेगळ्या दिवशी दहा मिनिटांत उरका, आणि शिकायच्या बैठकीला टेबलावर एकच वस्तू येऊ द्या, पोरांच्या वह्या.

वह्या कामून म्हणतोय ते सांगतो. आपल्याकडचं ट्रेनिंग टँकरसारखं येतं बघा. राज्यावर भरतं, जिल्ह्याला थांबतं, तालुक्याला थांबतं, आणि सांडत सांडत तांड्यावर येईस्तोवर तळाला जेवढं उरलं तेवढं आपल्या हंड्यात. निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक-ट्रेनिंग आलं तेव्हा, म्हणजे २०१९ ला, देशातल्या ४२ लाख शिक्षकांपर्यंत जायचं होतं, मग कोरोनात ते दीक्षा या सरकारी ॲपवर गेलं आणि कितीतरी जणांनी व्हिडिओ लावून मोबाईल चार्जिंगला ठेवला, मी पण एक-दोनदा ठेवलाय, खोटं कशाला बोलू. कंटेंट वाईट नव्हता. पण ऐकलेलं आणि वर्गात केलेलं यांच्यात जे अंतर आहे ते व्हिडिओनं भरत नाही. अमेरिकेतल्या ब्रूस जॉईस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या सुमारास हेच मांडलं होतं, की नुसतं ऐकून आणि बघून शिक्षकाला समजतं, पण ते त्याच्या रोजच्या वर्गात उतरायचं असेल तर शाळेत परत गेल्यावर सोबत कुणीतरी लागतं, करून बघणारं, चुकलं तर बोलणारं. तालुक्याचे साहेब रोज काय तुमच्या वर्गात येणार नाहीत. तुम्ही रोज तिथंच आहात.

आता एक प्रसंग. एका शाळेत मी शनिवारी गेलतो. शनिवारी शाळा सकाळची, पोरं साडेअकराला घरी आणि अपडाऊनवाल्यांची गाडी साडेबाराला, म्हणजे मधला एक तास असाच जातो. चौथीच्या बाईंनी आदल्या दिवशी हातच्याची वजाबाकी दिलेली, ४०२ वजा १५७. मी म्हणलं वह्या आणा, सगळ्या. सव्वीस वह्या टेबलावर पसरल्या आणि नुसतं उत्तर बघून ढीग लावले. बरोबर उत्तर २४५, ते नऊ जणांचं. आणि अकरा पोरांचं उत्तर एकच, ३५५. एक सर लगेच म्हणले, मोठ्यातून लहान काढायलेत, दुसरं काय, किती वेळा सांगायचं. म्हणजे दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन, राहिले पाच, शून्यातून पाच जात नाहीत म्हणून पाचच, चारातून एक गेला तीन. झालं ३५५. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी पण डोलावली, कारण केंद्रप्रमुखाला काय सगळं माहीतच असतं.

तेवढ्यात बाईंनी एक वही उचलली. म्हणल्या, सर, पण हिनं तर दोनाच्या वर बारा केलेत की. बघितलं तर खरंच, बारीक पेन्सिलीचा १ होता. त्या पोरीनं बारातून सात बरोबर काढले, पाच. मग दशकाच्या घरात शून्य दिसलं, त्याचे तिनं परस्पर दहा करून टाकले, कुठून आणले ते विचारू नका, दहातून पाच गेले पाच, आणि शतकाला हातच लावला नाही, चारातून एक तीन. उत्तर तेच, ३५५! आम्ही परत ढीग फोडला. अकरातल्या सहा जणांचा घोटाळा पहिला, पाच जणांचा दुसरा. बाजूला अजून चार वह्या होत्या २५५ वाल्या, त्यांनी शतक मोडून दशकात दहा आणले होते, पण त्यातला एक एककाला दिला हे विसरून दहाचे दहाच ठेवले होते. म्हणजे ही पोरं अगदी दारापर्यंत येऊन थांबलेली. आणि आपण या सगळ्यांना एकच औषध द्यायला निघालतो, 'परत एकदा फळ्यावर समजावून सांगतो'. (उरलेल्या दोघांचं काही कळलं नाही, ते तसंच सोडलं.)

पहिल्या सहा जणांना दशक मोडणं म्हणजे काय तेच कळलं नव्हतं, त्यांना काड्यांचे गठ्ठे पाहिजेत. दुसऱ्या पाचांना मोडणं येतं, ती फक्त शून्यापाशी अडलीत. त्यांना परत गठ्ठे दिले तर ती कंटाळतात आणि शेजारच्याला चिमटे काढतात. त्यांच्यासाठी सरांनी खेळण्यातल्या नोटा काढल्या, शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून सुटे दहा, आणि त्यातलं एक पोरगं ओरडलं, सर गल्ल्यात तर नऊच राहिल्या! ते नऊ त्याला फळ्यावर वर्षभर सांगितलेले होते. पंधरा दिवसांनी आम्ही परत बसलो तेव्हा बाईंनी ५०३ वजा २६८ दिलं होतं, ढीग परत लावले, ३५५ च्या जातीची उत्तरं तीनच निघाली. त्या तिघांसाठी परत वेगळा विचार. पाचवीचे सर गप बसून ऐकत होते, त्यांनी घरी जाऊन त्यांच्या वह्या बघितल्या तर तिथं पण तोच रोग, वर्षभर कुणाला दिसला नव्हता.

माझ्या मते ट्रेनिंग हेच. नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हणलंय. शनिवारचा एक तास, वर्षात तीस शनिवार जरी सापडले तरी निम्म्याहून जास्त तास इथंच होतात. ते कुठल्या पोर्टलवर चढतील न चढतील, पण चौथीच्या वर्गात उतरतील.

आता तुमचं स्वतःचं. त्या बैठकीत तुम्ही 'मार्गदर्शन' करू नका, तुमची पण वही ठेवा टेबलावर. तुम्ही एखादा वर्ग शिकवतच असाल, त्या वर्गात जे जमेना ते सगळ्यात आधी मांडा. हे मी नम्रतेचा धडा म्हणून सांगत नाही. न्यूझीलंडमध्ये व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी २००८ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं की मुख्याध्यापकाच्या कुठल्या कामाचा पोरांच्या शिकण्याशी किती संबंध लागतो. सगळ्यात वर आलं ते शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सामील होणं, परिणामाचा आकडा ०.८४. साधनं आणि पैसा नीट वापरणं ०.३१ वर, शिस्त आणि वातावरण ०.२७ वर. आकड्याला फार चिकटू नका, वरचा आकडा थोड्याच अभ्यासांतून आलेला आहे, पण क्रम बघा. आपण सगळा जीव रंगरंगोटी आणि शिस्तीत घालतो.

वेळेचं एक सांगतो, बीडमध्ये आहात म्हणून. दसरा-दिवाळी झाली की तुमच्या अर्ध्या पोरांचे आईबाप ऊसतोडीला जाणार, काही पोरं सोबत जाणार, काही हंगामी वसतिगृहात राहणार, पटावरचा वर्ग आणि समोरचा वर्ग वेगळा होणार. जे काही एक मोठं धरायचं ते जुलै ते सप्टेंबरमध्ये धरा, तीन महिन्यांत एकच विषय, एकच अडचण. दिवाळीनंतर नवीन सुरू करू नका, जुनंच टिकवा. आणि पोरं मार्च-एप्रिलमध्ये परत आल्यावर त्यांचं काय करायचं हा स्वतःच एक मोठा विषय आहे, त्यावर एक शनिवार फेब्रुवारीतच घाला, पोरं दारात उभी राहिल्यावर नको.

राहिले गुरुजी. त्यांना शिकवायला जाऊच नका. थॉमस गस्की नावाच्या अभ्यासकाचं एक म्हणणं मला फार पटतं, आपण समजतो आधी शिक्षकाचं मन बदलेल मग तो वर्गात बदल करेल, पण बहुतेक वेळा उलटं असतं, तो काहीतरी करून बघतो, पोरांमध्ये फरक दिसतो, आणि मग मन बदलतं. म्हणून गुरुजींना 'हे पटतंय का' असं विचारू नका, 'गुरुजी पंधरा दिवस एवढं एकच करून बघता का, नाही जमलं तर सोडून देऊ' असं म्हणा. आणि त्यांना जे येतं ते आधी मागा. तीस वर्षांत त्यांनी पहिलीच्या पोरांना पाटीवर वळण कसं लावलं, हे तुमच्या नवीन बाईंना कुठल्या ॲपवर मिळणार नाही. एवढं करूनही नाही आले तर सोडा. माझ्या केंद्रात एक गुरुजी शेवटपर्यंत आले नाहीत, खिडकीत बसून पेपर वाचायचे. त्यांच्यासाठी बाकीच्यांना थांबवलं नाही एवढंच मी नीट केलं.

प्रश्न : सर, मी पण केंद्रप्रमुख आहे, केंद्रात १२ शाळा. शिक्षण परिषदेत आम्ही आदर्श पाठ ठेवतो, एखादे हुशार शिक्षक पाठ घेतात, टाळ्या होतात, नंतर जेवण. शिक्षक म्हणतात छान झालं. पण मला माहितीये की कुणी तसं शिकवत नाही. परिषद बंद तर करता येत नाही, मग चांगली कशी करू?
— केंद्रप्रमुख, परभणी जिल्हा

उत्तर : साहेब, आदर्श पाठ हाच घोळ आहे. आदर्श म्हणलं की बघणारा एक तर हार घालतो नाहीतर मनात म्हणतो, ह्याच्या वर्गात १५ पोरं, माझ्याकडं ४०, ह्याला काय जातंय.

माझी फजिती सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटाचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, ज्ञानरचनावादी काम (पोरं स्वतः करून शिकतात ते) राज्यभर गाजलं होतं, गाड्या करकरून शिक्षक बघायला जायचे, आम्ही पण गेलतो. तिथं फरशीवर आखणी होती, पोरं खाली बसून गटात शिकत होती, बघून डोळे दिपले. परत आल्यावर आम्ही काय केलं, तर लोकवर्गणी काढून फरश्या रंगवल्या. दोन महिन्यांत केंद्रातल्या सगळ्या फरश्या रंगल्या, मी फोटो वर पाठवले, वरून शाब्बासकी आली. आणि पोरं त्या रंगीत फरशीवर मांडी घालून पाठमोऱ्या बाई फळ्यावर काय लिहितात ते उतरवत होती! तिथल्या शिक्षकांनी रंगाच्या आधी कसला विचार केला होता, कुठलं साहित्य कुठल्या पोरासाठी आणि कधी, ते आम्ही विचारलंच नाही, रंगाचा डबा कुठून आणला ते विचारलं.

तर आता उपाय. जपानमध्ये शंभरेक वर्षांपासून एक पद्धत आहे, जुग्यो केंक्यू म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात. पोरं कुठं अडतील, काय चुकीचं उत्तर देतील, तेव्हा आपण काय विचारायचं, हे सगळं आधी बोलतात, मग त्यांच्यातला एक जण खऱ्या वर्गात तो घेतो, बाकीचे भिंतीकडेला उभे राहून शिक्षकाकडं नाही, पोरांकडं बघतात. नंतर बसतात. पाठ सगळ्यांचा असल्यामुळं फसला तर 'आपला' फसला, त्या एकट्याचा नाही. मग दुरुस्त करून दुसरा कुणीतरी दुसऱ्या वर्गात घेतो.

तुमच्या परिषदेत हे एवढ्यानं होईल. बारा शाळांचे चार गट करा, गटानं आपसांत फोनवर नाहीतर एका शनिवारी बसून पाठ ठरवायचा, परिषद ज्या शाळेत आहे तिथल्याच पोरांवर घ्यायचा, निवडून आणलेल्या हुशार पोरांवर नाही. बघणाऱ्या प्रत्येकाला दोन पोरं वाटून द्या, 'तुम्ही खिडकीजवळच्या लाल रिबीनवालीकडं आणि तिच्या शेजारच्याकडं बघा, ती कधी लिहितात, कधी थांबतात, कुणाचं बघून लिहितात'. टाळ्या बंद. चर्चेत 'छान' या शब्दाला बंदी घाला, आमच्याकडं दंड होता, भज्याचा. पहिल्या परिषदेत कुणी बोलणार नाही, दुसऱ्यात कुणीतरी म्हणेल की मी बघत होतो ते पोरगं पस्तीस मिनिटांत एक ओळ पण लिहिलं नाही, आणि खोलीत शांतता होईल. तिथून परिषद सुरू झाली समजा.

एक विनंती, परिषदेचा अर्धा दिवस माहितीसाठी वरून मागितला जाईल, तेव्हा तो पाठाच्या नंतर द्या, आधी नको. आधी दिला की पाठाच्या वेळेला सगळे घड्याळ बघतात.

प्रश्न : आमची खाजगी अनुदानित माध्यमिक शाळा आहे, संस्थेनं यावर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी थोडे पैसे ठेवलेत. सचिवसाहेबांच्या मनात पुण्याहून एक मोठे मोटिव्हेशनल वक्ते बोलवायचे आहेत, एक दिवस, हॉल घेऊन. तुम्हाला काय वाटतं?
— पर्यवेक्षक, लातूर

उत्तर : फेटा, शाल, नारळ, दीपप्रज्वलन, अध्यक्षीय भाषण, आणि मधल्या दोन तासांत वक्ते सांगणार की शिक्षक म्हणजे दिवा. शिक्षक संध्याकाळी घरी जाताना खरंच दिव्यासारखे असतात, सोमवारी दुसऱ्या तासाला विझतात. मी वक्त्यांच्या विरोधात नाही, मी स्वतः दोन-चार ठिकाणी शाल घेतलीय.

पण पैसे आहेतच तर त्यातून वेळ विकत घ्या. गणिताचे जे तीन-चार शिक्षक असतील त्यांचा आठवड्यातला एक ऑफ तास टाइमटेबलमध्ये एकाच वेळी आणा, याला रुपया लागत नाही, फक्त टाइमटेबल करणाऱ्या सरांना तुम्ही स्वतः चहा पाजा. जिथं जमत नाही तिथं बदली शिक्षक तासिकेवर घ्या, तुमचा निधी इथं खर्च होऊ द्या. आणि बाहेरचा माणूस पाहिजेच असेल तर एक दिवस आठ तास नको, तीन वेळा दोन-दोन तास, मध्ये महिना-महिना जाऊ द्या, आणि येताना त्यानं आधी वर्ग बघायचे. जो वक्ता याला तयार होत नाही त्याला शुभेच्छा द्या.

लातूरला तर हे अजून सोपं आहे. तुमच्याकडं सराव परीक्षा घ्यायची सवय गावाच्या रक्तात आहे, लातूर पॅटर्नचं नाव त्यावरच झालं. मग तेच पेपर वापरा. आज काय होतं, पेपर तपासून मार्क रजिस्टरला जातात, पालकांना जातात, संपलं. त्याऐवजी दहावीच्या भूमितीचा एकच प्रश्न घ्या, ज्यात सगळ्यात जास्त पोरं पडली, आणि तीन सरांनी मिळून वीस उत्तरपत्रिका वाचा, मार्क झाकून. कुठल्या ओळीला पोरगं घसरलं? आकृतीच चुकली, प्रमेय आठवलं पण लावता आलं नाही, की प्रश्नच कळला नाही? तिघांचं एकमत होणार नाही, आणि तोच तासाचा खरा माल. सचिवसाहेबांना फोटो पाहिजे असेल तर उत्तरपत्रिकांवर वाकलेल्या तीन सरांचा काढून द्या, तो पण चांगला येतो.

प्रश्न : सर, मी किनवट भागात तांड्यावरच्या शाळेत आहे. दोनच शिक्षक, आणि जोडीदार सर सारखे बैठका-टपालाला. पोरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, पहिलीत माझं निम्मं त्यांना कळत नाही आणि त्यांचं मला. एकटी माणूस कुणाबरोबर शिकू?
— सहशिक्षिका, नांदेड जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातच उत्तर अर्धं आहे. तुमचे पहिले गुरू त्या तांड्यावरच बसलेत. एखाद्या पाचवीतल्या पोरीला, जिला दोन्ही भाषा येतात, रोज दहा मिनिटं तुमची बाई करा. एक वही घाला, आईला याडी, भाकरीला बाटी, इथून सुरू करा आणि दर दिवशी पाच शब्द. शब्दांपेक्षा जास्त उपयोगी पडतं ते म्हणजे पोरं वर्गात जी वाक्यं सारखी बोलतात ती, 'मला कळलं नाही', 'त्यानं घेतलं', 'बाहेर जाऊ का'. ही दहा-पंधरा वाक्यं कळायला लागली की पहिलीचा वर्ग एकदम उघडतो. ही वही जपून ठेवा, तुमची बदली होईल तेव्हा पुढच्या बाईला ती अख्ख्या ट्रेनिंगपेक्षा कामाला येईल.

सोबतीसाठी जवळची अजून एक द्विशिक्षकी शाळा धरा. तिघी-चौघी शिक्षक मिळून एक छोटा ग्रुप करा, त्यात गुड मॉर्निंग आणि जीआर येऊ द्यायचे नाहीत. आठवड्यातून एकदा प्रत्येकीनं एक फोटो टाकायचा, एका पोराच्या वहीचा, नाव झाकून, आणि खाली एकच प्रश्न, 'हे असं का लिहिलं असेल?' रेंज नसेल तर रात्री टाका, उत्तर सकाळी येईल, घाई नाही. आणि महिन्यातून एकदा मोबाईल खिशात ठेवून स्वतःच्या दहा मिनिटांच्या तासाचं नुसतं रेकॉर्डिंग करा, बोलताना कसे बोलतो ते ऐका. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लक्षात आलं की प्रश्न विचारल्यावर मी दोन सेकंद पण थांबत नव्हतो, उत्तर मीच देऊन टाकत होतो आणि वर 'कळलं का' विचारत होतो, पोरं हो म्हणत होती. मग मी मनातल्या मनात पाचापर्यंत मोजायला लागलो. ऐकून झाल्यावर डिलीट करा, कुणाला द्यायची गरज नाही.

तुमच्या केंद्रप्रमुखांना एक सांगा माझ्याकडून, द्विशिक्षकी शाळेतल्या दोघांना एकाच दिवशी बाहेर बोलवू नका.

प्रश्न : ट्रेनिंगनंतर आम्ही फीडबॅक फॉर्म भरून घेतो, सगळे 'अत्यंत उपयुक्त' लिहितात. उपयोग झाला की नाही हे कसं ओळखायचं?
— विषय साधनव्यक्ती, जालना जिल्हा

उत्तर : 'अत्यंत उपयुक्त' हे जेवणाबद्दल असतं, आणि घरी लवकर सोडल्याबद्दल. वर ज्यांचं नाव घेतलं त्या गस्कींनी पाच पायऱ्या सांगितल्यात, आवडलं का, कळलं का, शाळेनं त्यासाठी वेळ-जागा दिली का, वर्गात वापरलं का, आणि पोरांमध्ये फरक पडला का. आपण पहिल्या पायरीवर बसून फॉर्म भरून घेतो. मधली तिसरी पायरी सगळेच विसरतात, शिक्षक तयार असतो पण शाळेत साहित्य कपाटात कुलूपबंद असतं आणि चावी रजेवर असते. तुम्ही फॉर्म फाडा असं म्हणत नाही, पण सहा आठवड्यांनी पाच शिक्षकांना फोन करा आणि एकच विचारा, 'त्या दिवसातलं काय अजून वापरताय, मला एखादी वही दाखवता का?' पाचातले दोन जरी वही दाखवू शकले तरी तुमचं ट्रेनिंग चांगलं होतं. आणि एकानं पण नाही दाखवली तर पुढच्या वेळी विषय बदलू नका, तोच परत घ्या.

प्रश्न : मी शिक्षण सेवक आहे, दुसरं वर्ष. मुख्याध्यापक सर पाठ निरीक्षणाला आले की माझे हात थरथरतात. ते मागं बसून वहीत लिहितात, शेवटी 'फलक लेखन सुधारावे, शैक्षणिक साहित्याचा वापर करावा' असा शेरा. दरवेळी तोच. यातून मी काय शिकू?
— शिक्षण सेवक, हिंगोली जिल्हा

उत्तर : त्या शेऱ्यातून काहीच नाही. तो शेरा तुमच्या आधीच्या शिक्षकाला पण होता आणि त्यांच्या आधीच्यांना पण, शेरेबुक चाळून बघा. सरांचा पण दोष धरू नका, त्यांना कुणी दुसरं काही शिकवलेलं नाही, त्यांच्या पाठाला पण तेव्हा असाच शेरा होता.

तुम्ही एक करा, पुढच्या वेळी ते येण्याआधीच त्यांच्याकडं जा आणि म्हणा, सर आज माझ्याकडं नका बघू, मागच्या बाकावरची ती तीन पोरं मला समजेनात, ती काय करतात तेवढं लिहून द्याल का? बहुतेक माणूस खूष होतो, कारण त्याला पण 'फलक लेखन' लिहून कंटाळा आलेला असतो. त्या दिवशी त्यांच्या वहीत पोरांबद्दल चार ओळी येतील. तास संपल्यावर दोघं ओट्यावर बसून त्या चार ओळी वाचा, दहा मिनिटं, जास्त नको. मग त्यांना विचारा, सर तुमचा सातवीचा तास मी बघायला येऊ का. नाही म्हणले तर महिनाभरानं परत विचारा.